रोज्यातला ससा

(अल्जीयर्स. रमजानमधली उतरती दुपार. स्वयंपाकघरात सबीहा आणि तिची धाकटी जाऊ नवाल.)

नवाल : ताई, हा कान आहे की वांगं?

सबीहा : सशाचा कान आहे. एका केकचं तोंड. दुसऱ्याला दोन्ही कडांनी काप दिले की दोन कान निघतात, आणि मधे उरतो तो गळ्यातला बो. शेजारणीनं दाखवलं तेव्हा बसल्या बसल्या झाला होता.

नवाल : शेजारीण तेव्हा रोज्यात नव्हती.

सबीहा : आणि पहाटे उठून घरभर जेवायलाही वाढत नव्हती. तू उभी कशाला? ते स्टूल ओढ.

नवाल : बरी आहे मी.

सबीहा : असशील. लग्नाला पाच वर्षं झाली, पहिल्यांदाच पाळी इतकी लांबलीय. बसून कर जे काय करायचं ते. सासूबाई काल फोनवर काय बोलत होत्या, ठाऊक आहे? आज रात्री सगळ्या जमल्या की तुझी बातमी सांगणार आहेत.

नवाल : आज तुझ्या इनासचा पहिला रोजा आहे. तिचं कौतुक होऊ दे की.

सबीहा : तेच म्हटलं मी. निदान डॉक्टरकडे तरी जाऊ दे तिला, म्हटलं. तर म्हणाल्या, मला चेहऱ्यावरून कळतं.

नवाल : काय दिसलं त्यांना चेहऱ्यावर?

सबीहा : तेज, म्हणे. मला तर आपल्या दोघींच्या चेहऱ्यावर नुसती भूक दिसते. खोबऱ्याचा कीस दे इकडे, निदान ह्या कानाला केस चिकटवून टाकते.

इनास : यम्मा, अजान झाली?

सबीहा : झाली असती तर घर एवढं गप्प असतं का? जा, आजीजवळ पड जरा.

इनास : आजी घोरतेय. काकू, सशाला मिशा कशाच्या लावणार?

नवाल : शेवयांच्या. सूपसाठी आणल्यात ना, त्यातल्या लांब लांब बाजूला काढल्यात.

इनास : आणि डोळे मनुकांचे. मनुकांकडे बघितलं तर रोजा मोडतो?

सबीहा : बघितल्यानं काही होत नाही. मी सकाळपासून तेच करतेय.

इनास : पहिला रोजा म्हणून आज मी राणी ना? उंच खुर्चीत बसून शरबत प्यायचं. आजी पेल्यात तिची अंगठी टाकणार आहे.

सबीहा : हो राणीसाहेब. अंगठी गिळू नका म्हणजे झालं. पळा आता.

नवाल : गेली. बिचारीचे ओठ बघ कसे सुकलेत.

सबीहा : दार लोट. आणि हे केकवरचं लोणी बघ गं. रवाळ लागतंय हाताला.

नवाल : साखर विरघळली नसेल.

सबीहा : साखरच घातली का मी?

नवाल : म्हणजे?

सबीहा : सासूबाईंनी काल बरण्या धुऊन पुन्हा भरल्या. मीठ-साखर दोन्ही एकाच जागी, एकाच रंगाची झाकणं. कामावरून आले, डोळ्यांपुढे अंधारी, एक उचलली नि ओतली. कुठली ते आठवत नाही.

नवाल : वासावरून?

सबीहा : मिठाला कसला वास? दर रमजानला चाखायला इनास असायची. बोट बुचकळून सांगायची, यम्मा, अजून. आज तीच उपाशी.

नवाल : जिभेच्या टोकाला लाव आणि थुंकून टाक. चालतं म्हणतात.

सबीहा : चालतं. पण ती घडीघडी दारात येतेय. सकाळपासून तिला बजावतेय, पाण्याचा थेंबही नाही. आणि मीच बोट चाटताना दिसले तर? जाऊ दे. असंच लिंपू.

नवाल : आणि खारट निघालं तर? सगळ्यांसमोर, तिच्या घासाला?

सबीहा : मग काय करू, सांग. रडायलाही येत नाही मला आता. अंगात पाणीच उरलं नाही.

नवाल : वाटी इकडे दे.

सबीहा : कशाला?

नवाल : दे म्हणते ना.

सबीहा : नवाल... अगं, तू गिळलंस.

नवाल : मीठ आहे. नुसतं मीठ.

सबीहा : गिळलंस तू.

नवाल : हो.

सबीहा : कधी आली?

नवाल : सकाळी. तुम्ही सगळे पुन्हा निजल्यावर.

सबीहा : बस. आता तरी बस.

नवाल : आता कशाला बसू?

सबीहा : पाळी आली तिथंच तुझा रोजा संपला होता. तरी दिवसभर काही घेतलं नाहीस?

नवाल : न्हाणीत ओंजळ धरली होती नळाखाली. प्यायले नाही. प्यायले असते तर ते खरं झालं असतं.

सबीहा : हे घे. पाणी. हळू.

नवाल : कुणी येईल.

सबीहा : दाराला पाठ लावून उभी आहे मी. सगळा ग्लास संपव. तुझ्या मुरादला सांगितलंस?

नवाल : तो नावं शोधतोय. मुलीची. ताई, आज नको. उद्या मीच सांगेन सासूबाईंना.

सबीहा : आज मी त्यांना तोंडच उघडू देत नाही. एक खजूर संपला की दुसरा कोंबते.

नवाल : हसवू नकोस. पोट दुखतंय.

सबीहा : दुखणारच. सुरी आणि तो कान इकडे दे, मी इथंच उभ्यानं खरवडते. तू नवं लोणी घे. आणि ह्या वेळी बरणी चाखून घाल.

इनास : यम्मा, दार का उघडत नाहीये?

सबीहा : ये. माझाच पाय आडवा आला होता.

इनास : सशाचे केस कुठे गेले?

सबीहा : काढले. खारट झाले होते.

इनास : तुला कसं कळलं? कुणी चाखलं? काकू, तू?

सबीहा : मी चाखलं.

इनास : विसरून ना? विसरून खाल्लं तर चालतं, आजी म्हणाली.

सबीहा : नाही. मुद्दाम.

नवाल : इनास, ऐक माझं...

सबीहा : तू लोणी फेट.

इनास : खूप भूक लागली होती?

सबीहा : हो गं.

इनास : असू दे, यम्मा. मी आजीला नाही सांगणार.