भागोजी गुरवाची पुकार

मंडळी, आधी एक सवाल! उत्तर लगेच देऊ नका. ज्या माणसावर आपलं प्रेम आहे, ज्याचा आपण मान राखतो, त्याला द्यायचं काय? बसायला जागा द्यायची, की उठायला कारण द्यायचं?

हां! पहिल्या रांगेतले काका म्हणतात, बसायला जागा. काका, तुमच्याखाली गादी, पाठीला लोड — तुम्ही दुसरं काय म्हणणार! बसा, आख्यान संपेपर्यंत बसा. मग बघू.

तर ऐका! माझं गाव खडकेवाडी. गावामागं टेकडी, टेकडीवर जानाईचं देऊळ, आणि देवळाला दोनशे बारा पायऱ्या. मला बरोब्बर माहीत आहेत, कारण दर वीस पायऱ्यांना मी थांबतो आणि किती राहिल्या ते मोजतो! आता पाणी कुठं? खाली विहिरीत. आणि देवीची आंघोळ कुठं? वर! मग ते पाणी वर नेणार कोण? भागोजी गुरव. खांद्यावर कावड, दोन टोकांना दोन घागरी, रोज सकाळी दोन खेपा. एक-दोन वर्षं नाही हो — चाळीस वर्षं!

ह्या भागोजीकाकांकडं आणखी एक मोठं काम होतं. मानाची पुकार! चैत्रातल्या जत्रेला गुरवानं देवीसमोर उभं राहायचं आणि गावातल्या बहात्तर मानाच्या घरांची नावं ओळीनं पुकारायची. नाव आलं की त्या घरानं पुढं होऊन नारळ द्यायचा. नाव पुकारलं आणि घर हजर नसलं, तर त्या वर्षी त्या घराचा नारळ परत! क्रम चुकला तर रुसवेफुगवे, वर्षवर्ष बोलणं बंद! आणि हे सगळं कसं? तोंडपाठ. गुरवाच्या हातात कागद आला की पुकार मोडली, असं आमच्याकडं मानतात.

काका पासष्टीचे झाले. गावाला वाटलं, म्हाताऱ्यानं किती राबायचं? सत्कार केला! विहिरीवर मोटर बसवली, पाइप थेट देवळाच्या दाराशी. काकांना देवळात खुर्ची — गादीची, हातांची! आणि वर जायला मागच्या कच्च्या रस्त्यानं दुचाकी. त्या सत्कारात ‘काका, आता फक्त बसायचं’ असं पाऊण तास भाषण कोणी ठोकलं? रोज दुचाकीवरून काकांना वर कोणी पोचवलं? अहो, ह्याच तुमच्या मल्हारीबुवानं! हसा, हसा. मला वाटत होतं, केवढं पुण्य गाठीला बांधतोय मी!

वर्ष गेलं. काका खुर्चीत बसले ते बसलेच. आधी झोप गेली. मग चिडचिड आली. एकदा हळद आणायला दुकानात गेले आणि उभे राहिले. दुकानदाराला म्हणाले, “मी काय न्यायला आलतो रे?” आता हे तुमचंही होतं, माझंही होतं, त्याचं एवढं काय? पण दसऱ्याला देवीपुढं सहज म्हणून पुकार म्हणायला घेतली — आणि बावीस घरांनंतर गाडी अडली! तेविसावं नाव येईना! चाळीस वर्षं पाठ असलेलं नाव!

गावात कुजबुज सुरू. “यादी छापून घ्यावी आता.” काकांनी ऐकलं. घरी आले, जेवले नाहीत. बायकोला म्हणाले, “हौसा, माझ्या बापाला शेवटी सोताच्या घराचं दार वळखू येत नव्हतं. तेच आलं बघ माझ्या वाट्याला.”

मंडळी, त्या बाईच्या काळजात काय झालं असेल? पण हौसाकाकू कशी, माहीताय? म्हणाली, “आधी डागतरीणबाईला दाखवू. रडायचं आसंल तर तिथनं आल्यावर रडू. दोघं मिळून!”

गेले तालुक्याला. शेटे डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आठवणीच्या परीक्षा घेतल्या, गोष्ट सांगून परत सांगायला लावली. आठ दिवसांनी बोलावलं. बाई म्हणाल्या, “काका, तुम्हाला आजार नाही. वडिलांचं जे झालं, त्याची एकही खूण मला दिसत नाही. तुम्ही धडधाकट आहात!”

काय झालं असेल? काका तिथंच रडले हो! आणि काकू म्हणते, “बघा, मी म्हणलं होतं ना, घरी आल्यावर रडू! हितंच सुरू झालात!”

पण काकांनी विचारलं, “मग नाव का अडलं?”

बाई म्हणाल्या, “गेल्या वर्षात तुमचं काय बदललं?”

काकूनं लगेच सांगून टाकलं, “आवो, बसत्यात! नुसतं बसत्यात!”

बाई हसल्या. म्हणाल्या, “पाय चालले की काळीज जोरानं चालतं, मेंदूला रक्त चांगलं पोचतं. आठवणी जिथं साठतात त्या भागालाही व्यायामाचा फायदा होतो. झोप सुधारते, मन हलकं राहतं. हे आजारी माणसापुरतं नाही, धडधाकटालाही लागू आहे. जादू नाही ही. किती फरक पडेल ते मी लिहून देणार नाही. पण चाळीस वर्षं तुम्ही रोज मेंदूला खुराक देत होता, तो एका दिवसात बंद केलात. हळूहळू परत सुरू करा. आधी सपाटीवर चाला, मग पायऱ्या, कावड सगळ्यात शेवटी.”

आता कोणी म्हणेल, बुवा, देवीच्या आख्यानात डॉक्टरीण कुठून आली? का? तिला बुद्धी काय दुकानातून मिळाली?

दुसऱ्या दिवशी मी दुचाकी घेऊन दारात हजर. काका म्हणाले, “मल्हारी, गाडी ने. मी पायी येतो.” मंडळी, मला राग आला! खरं सांगतो. एवढा मान दिला आणि हा माणूस तो लाथाडतोय? सगळा गाव नाराज! पहिले पंधरा दिवस काका ओढ्यापर्यंत जाऊन परत यायचे. मग चाळीस पायऱ्या चढले आणि बसले. मार्गशीर्षात शंभर. पौषात पूर्ण दोनशे बारा! आणि मी मागून दुचाकीवर जाऊन वर त्यांची वाट बघत उभा. कोण शहाणा दिसत असेल, तुम्हीच सांगा!

माघात हातात नुसता तांब्या. फाल्गुनात अर्ध्या भरलेल्या घागरींची कावड. झोप परत आली. चिडचिड गेली. काकू मला म्हणाली, “मल्हारी, आरं, ह्ये पुन्ना गुणगुणाया लागले!”

पण खरी परीक्षा पुढंच होती. त्या वर्षी गावानं ठरवलं की वस्तीवरच्या शेवंताबाई लोहाराच्या घरालाही मान द्यायचा. तिच्या सासऱ्यानं देवळाची घंटा घडवली होती आणि घराला मान मात्र कधी मिळाला नव्हता. म्हणजे घरं झाली त्र्याहत्तर! आणि नाव घालायचं कुठं? शेवटी नाही — अडतिसाव्या घरानंतर, मधोमध! लोक म्हणाले, जुनी नावं येतील कदाचित, पण हे नवं कसं राहणार ह्या वयात?

जत्रा आली. मी काकांच्या शेजारी उभा. आणि खिशात काय? यादी! छापलेली! काका अडले की हळूच पुढं करायची. दुसरं पुण्य!

पुकार सुरू झाली. एक... दहा... बावीस... तेवीस! आलं! माझा श्वास सुटला. तीस... पस्तीस... अडतीस...

आणि काका थांबले.

मी मनात म्हटलं, गेलं! तेच नवं नाव गेलं! हौसाकाकूनं डोळे मिटले. माझा हात खिशात गेला, कागद निम्मा बाहेर आला —

काका माझ्याकडं न बघताच म्हणाले, “हात भायेर काढ. मोकळा.”

आणि पायऱ्यांकडं बघत उभे राहिले. मीही बघितलं. सत्तरीची शेवंताबाई, एका हातात नारळ, एक हात गुडघ्यावर, शेवटच्या पाच पायऱ्या चढत होती. चार... तीन... दोन... तिचा पाय देवळाच्या फरशीवर टेकला, आणि काकांनी टेकडी दणाणेल अशी हाक दिली — “शेवंताबाई लोहार!”

नारळ पडला देवीच्या पायाशी! पुढची चौतीस घरं कशी गेली मला ठाऊक नाही, मी रडत होतो. सगळं झाल्यावर काका म्हणाले, “इसरलो नव्हतो रं. ती चढत होती. आदीच नाव घेतलं आसतं तर नारळ परत गेला आसता तिचा!”

मंडळी, मी त्यांना यादी द्यायला निघालो होतो. आणि त्यांना नाव तर आठवत होतंच, वर त्या नावाचं माणूस कुठल्या पायरीवर आहे हेही ध्यानात होतं! त्या कागदात मी देवीचं कुंकू बांधून घरी नेलं.

आता तुमच्याकडं वळतो. घरात तुम्ही कोणाला खुर्ची दिलीय? आईच्या हातातला झाडू काढून घेतलात? बाबांचं बाजारात चालत जाणं बंद केलंत? प्रेमानंच केलंत, मला माहीत आहे, मीही प्रेमानंच केलं! पण आज घरी जाऊन त्यांना त्यांचं काम परत द्या. आणि तुम्ही स्वतः? बाहेर दुचाक्या किती लागल्यात ते मी येताना बघितलं. शेजारच्या आळीतून गाडीवर आलात!

तो पाइप अजून आहे, त्याचं पाणी जत्रेकरू पितात. खुर्चीही आहे. आता तिच्यावर दोनशे बारा पायऱ्या चढून आल्यावर दम खायला मी बसतो!

जानाईमाय, चढणाऱ्याला बळ दे आणि वर पोचलेल्याला त्याची वाट बघायची बुद्धी दे! आता टाळ घ्या हातात. पण बसून नाही. पहिल्या रांगेतले काका, आख्यान संपलं — उठा!