तिसरा नकार

अम्मानमधल्या गॅलरीबाहेर टॅक्सीच्या रांगेत लुबनाच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. आईच्या कडेवर मातीची सुरई होती. त्यांचं बोलणं लुबनाला ऐकू येत होतं.

“आई, ही प्रदर्शनातली उचलून आणलीस?”

“मी नुसतं छान आहे म्हटलं. मालकच म्हणाला, तुमचीच आहे, घेऊन जा.”

“अगं, तसं म्हणायची रीत असते! आपण तीनदा नको म्हणायचं.”

“दोनदा म्हटलं. आजचं हे चौथं प्रदर्शन, दुआ. तिसऱ्यांदा म्हणायचं त्राण नव्हतं.”

“पुढच्या महिन्यात माझी चित्रं इथेच लागायचीत. आता कसली लावतोय तो!”

“तो बघ, धावतच आला.”

“साहेब, माफ करा, ही तुमची सुरई.”

“छे छे, आईंचीच आहे.”

“नको हो.”

“घ्याच.”

“नको.”

“माझी शपथ.”

“खरंच नको.”

मालकाने सुरई घेऊन छातीशी धरली. “बरं. चित्रं रविवारी आणून द्या.”

तो आत गेला.

“बघ, मनापासून देतच नव्हता,” आई म्हणाली. “अशा माणसाकडे चित्रं लावतेस?”