दादाचं दुसरं ऑपरेशन

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी दत्तादादाची धाकटी बहीण, सुमन. आपल्या इथल्या माहीमच्या शाळेत रोज पोरांपुढे बोलणारी बाई मी, पण आज कागदावर लिहून आणलंय. अडखळले तर सांभाळून घ्या.

दादा कशाने गेला, हे जो तो विचारतोय. कोणी म्हणतं, पुन्हा छाती उघडायलाच नको होती. कोणी डॉक्टरांना बोल लावतं. म्हणून काय घडलं ते मीच सांगते.

आठ वर्षांपूर्वी बोईसरच्या कारखान्यात पाइपाचे बोल्ट आवळताना दादाच्या छातीत कळ आली आणि तशीच पाठीत उतरली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगून आतून फाटली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तेवढा भाग काढून कापडी नळी बसवली, धातूची झडप बसवली. यादवजी, तुम्ही समोर बसला आहात. दादाच्या पाळीतले तुम्ही सगळे कामगार रक्त द्यायला आला होतात. 'बहनजी, आप बैठिए, खून हम लोग देंगे,' म्हणाला होतात. मी ते विसरलेली नाही.

मग दादा कामावर गेला. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायचा. दाढी करताना कापलं तर वहिनी तासभर फडकं दाबून बसायची. पण तो जगला. चांगला जगला. लेकीचं, रेखाचं लग्न त्याने स्वतः उभं राहून लावलं.

या पावसाळ्यात त्याला ताप यायला लागला. आपल्याकडे ताप म्हणजे मलेरिया. गोळ्या झाल्या, सलाईन झालं. ताप उतरायचा आणि परत चढायचा. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा कळलं, जंतू त्या नळीपर्यंत पोचले होते. नळी जिथे शिवली होती तिथला सांधा सुटत होता आणि बाहेर रक्त साठून फुगा झाला होता. जंतू कुठून आले? कोणालाच सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, फुगा छातीच्या हाडाला चिकटलाय, हाड कापतानाच फुटू शकतो. आणि नाही कापलं तर घरी बसल्या फुटेल. तुम्हीच सांगा, यात निवडायचं काय होतं?

आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. मी विचारलं, "दादा, पयलं आपरेशन नसतं केलं तर बरं झालं असतं, असं वाटतं का रे तुला?"

तो म्हणाला, "नाय. नातीला खांद्यावर घेऊन दर्यावर फिरलो ना मी. ती वर्षं फुकट नाय गेली. पन उद्याचं विचारू नको, सुमे. उद्याला मी भितोय."

मंडळी, दादा कधी भितो म्हणाला नव्हता.

ऑपरेशन झालं. नवी नळी, नवी झडप. तो शुद्धीवर आला, तोंडात श्वासाची नळी होती म्हणून बोटाने माझ्या तळहातावर 'पाणी' असं लिहिलं. आम्हाला वाटलं, सुटला. मग लघवी बंद झाली. मूत्रपिंडं गेली, पाठोपाठ सगळंच गेलं. बाहेरच्या बाकावर वहिनी मला म्हणाली, "आपुन सही केली, ती चूक केली का गं?" वहिनी, सही आपण दोघींनी केली होती.

आणखी एक सांगायचंय. आमच्या घरात सगळे उंच, लांब बोटांचे. आमचे बाबा वाडीत नारळ सोलताना अचानक गेले, तेव्हा लोक म्हणाले, वारं लागलं. डॉक्टरांनी दादाच्या पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं, ही लांब बोटं आणि हा आजार एकाच रक्तातून येतात, भावंडांनी तपासून घ्या. माझी तपासणी दर वर्षी होते. माझीही रक्तवाहिनी फुगलीय. या वर्षी ती ऑपरेशनच्या मापाला आलीय.

हे दादाला ठाऊक होतं. त्याच दुपारी त्याने माझा हात धरून म्हटलं होतं, "माज्याकडं बघून ठरवू नको. माजी फाटल्यावर धावलो आमी. तुजी अजून शाबूत हाय."

पण त्याच्याकडे न बघता मी कुणाकडे बघू? त्याला आत नेताना मी पाहिलंय, बाहेर आणलेलाही पाहिलाय. रोज सकाळी उठते आणि वाटतं, नको. संध्याकाळपर्यंत वाटतं, करावं. रेखालाही तपासायचंय, तिच्या लेकीलाही. मीच मागे हटले तर त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

काल आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जा. पन या टायमाला मला संगं ने. मला घरी बसवून ठेवू नको."

मी ऑपरेशनला जाणार आहे. आई बरोबर येणार आहे.

आता दादासाठी थोडा वेळ शांत उभं राहू या. आईचे गुडघे धरलेत, तिला कुणी उठवू नका. ती बसूनच राहील.