सातव्या ओळीतलं भोक

इंद्रजीत : भोक कुठं गेलं, आत्या?

शेवंताआत्या : कसलं भोक?

इंद्रजीत : ह्या विणलेल्या पट्टीला सुईखाली सातव्या ओळीत भोक होतं. काल संध्याकाळी माझ्याच हातनं टाका सुटून पडलेलं. आत्ता डेअरीत दूध घालून येतोय तवर भोक गायब!

शेवंताआत्या : लोकरीचं तसंच आसतंय बाबा. मेंढीच्या अंगावरची वस्तू ती, जित्या अंगाची. जखम झाली की आपली आपण भरून येती. माझ्या सासऱ्याच्या घोंगडीला कुत्र्यानं फाडलं व्हतं, तर आठ दिसांत खपली धरली. खपली! गावातली माणसं बघाया यायची.

इंद्रजीत : आत्या.

शेवंताआत्या : खोटं वाटतंय? मग बिबट्याचं तरी खरं हाय का न्हाई? मागल्या थंडीत उसाच्या कडंला कुडकुडत बसलेला. मी म्हणलं, ये बाबा, माप दे. चार बाह्यांचा स्वेटर घातला त्याला, आन् शेपटीला येगळी पिशवी. तवापासनं आख्ख्या न्हावऱ्यातल्या शेरडांवर पडला, पर आपल्या गोठ्यात पाय ठिवला का? जनावर वळख ठेवतंय.

इंद्रजीत : तीन महिने झाले, रोज ऐकतोय. ह्या पट्टीपायी त्या बिबट्याला पन्नास स्वेटर घालून झालेत. मी विचारतोय ते सांग. भोक कुणी बुजवलं?

शेवंताआत्या : सोमवारी कंपनीचा डॉक्टर तुझा हात तपासणार. पास झालास की परत प्लॅंटवर. आन् तू आज शनवारचा भोकं कसली हुडकत बसलायस?

इंद्रजीत : तू बुजवलंस?

शेवंताआत्या : आता म्हातारीचा हात हाय. पडलेला टाका दिसला, तर क्रोशाची सुई घालून उचलला आसंल. सवय.

इंद्रजीत : कालचाच एक?

शेवंताआत्या : चहा येऊ दे आधी.

इंद्रजीत : कवापासनं, आत्या?

शेवंताआत्या : आरं, दौंडची ती मालिशवाली पोरगी काय म्हणली व्हती? भाजलेली बोटं हलती ठेवा, न्हाईतर कातडी आखडून मूठ कायमची मिटंल. लोकर विणा, धान्य निवडा, काय बी करा. मग तू हलवत व्हतास की बोटं. विणलेलं कसं दिसतंय, ह्याच्याशी तुला काय करायचंय?

इंद्रजीत : कवापासनं?

शेवंताआत्या : तिसऱ्या दिवसापासनं.

इंद्रजीत : म्हंजी पयल्यापासनंच.

शेवंताआत्या : पयल्या दिवशी न्हाई. पयल्या दिवशी तू काय विणलं व्हतंस? सुईच धा येळा पडली. दुसऱ्या दिवशी चार टाके झाले. तिसऱ्या दिवशी तू सुया भितीवर फेकल्यास आन् मोरीत जाऊन नळ सोडून बसलास. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत न्हाई, आसं वाटतंय व्हय तुला? तवा मी ती पट्टी उचलली.

इंद्रजीत : आन् नीट करून ठिवलीस.

शेवंताआत्या : दोन वळी फकस्त. तू बघितलीस, हसलास. प्लॅंटवर भाजल्यापासनं पाच महिन्यांत पयल्यांदा हसलास. मग काय करायचं व्हतं मी?

इंद्रजीत : रोज करायचीस?

शेवंताआत्या : कवा दोन टाके, कवा चार वळी. कवा कवा आख्खीच उसवायला लागायची.

इंद्रजीत : मग ही पट्टी माझी न्हाईच.

शेवंताआत्या : लोकर तुझी हाय.

इंद्रजीत : तरीच म्हणायचीस, हाताकडं बघू नको, विणकामाला नजर लागती, माझ्या तोंडाकडं बघ आन् गोष्ट ऐक. मी आपला येड्यावानी तुझ्या तोंडाकडं बघत सुया चालवायचो. वाटायचं, न बघता विणतोय की आपण. हात सुधारला.

शेवंताआत्या : तुला बघवत नव्हतं त्या हाताकडं. मांडीची कातडी काढून बोटांवर लावली, तवापासनं ताटाआड लपवून जेवतोस. मी तुझं तोंड वर केलं, एवढंच.

तेजश्री : चहा घ्या. काय चाललंय? डेअरीतून आल्यापासून आवाज चढलाय तुमचा.

शेवंताआत्या : काय न्हाई गं. बिबट्यावरनं भांडतोय.

तेजश्री : अहो, तुमचा सोमवारचा शर्ट झाला बरं का. टिचबटणं काढली आणि परत साधी बटणं लावली. म्हटलं, एवढं बारीक विणणारा माणूस बटणं लावू शकणार नाही का? शेजारच्या कस्तुराबाईंना पट्टी दाखवली परवा, त्यांना खरंच वाटेना.

इंद्रजीत : टिचबटणंच राहू दे, तेजश्री.

तेजश्री : का?

इंद्रजीत : टेस्ट झाली.

तेजश्री : सोमवारी आहे ना?

इंद्रजीत : काल झाली. मी दौंडला मालिशला गेलो नव्हतो. कुरकुंभवरनं कंपनीचा फोन आला, डॉक्टर सोमवारी येणार न्हाईत, आजच या. म्हणलं, बरंच झालं. पट्टी पिशवीत घातली आन् मोटारसायकलवर गावातल्या मच्छिंद्रच्या भावाच्या मागं बसून गेलो.

तेजश्री : आणि काल रात्री जेवताना म्हणालात, मालिश चांगलं झालं!

शेवंताआत्या : पट्टी कशाला नेलीस रं?

इंद्रजीत : दाखवायला. दुसरं काय होतं माझ्याकडं? डॉक्टरच्या टेबलावर पसरली. डॉक्टर खूश. सुपरवायझरला हाक मारली, एचआरच्या मॅडमला बोलावलं. बघा म्हणले, ह्याला म्हणतात जिद्द. मॅडमनी तर फोटो काढला. मग डॉक्टर म्हणले, आता दोन ओळी विणून दाखवा.

तेजश्री : मग?

इंद्रजीत : मी बसलो. सवयीनं डॉक्टरच्या तोंडाकडं बघत विणायला लागलो. ते काय बिबट्याची गोष्ट सांगत नव्हते. गप होते. सगळी खोली गप झाली. मग मी खाली बघितलं. सुईवर वीस टाके होते, त्यातले अकरा उतरून लोंबत होते.

शेवंताआत्या : हसलं का कोण?

इंद्रजीत : हसले आसते तर बरं झालं आसतं. मॅडमनी सुटलेले टाके सुईवर चढवले, पट्टीची घडी घातली आन् पिशवीत ठिवली. आजाऱ्याची चादर घडी घालत्यात ना, तशी. मग रीतीपरमाणं नट-बोल्ट दिले. पाच मिनिटांत बारा नट बसवायचे. माझे दोन बसले, त्यातला एक तिरका.

तेजश्री : जाऊ द्या. गेटवरची हलकी ड्युटी तर आहेच. ते देणारच होते की.

इंद्रजीत : महिन्यामागं देत होते. मी लिहून दिलं, गेट नको, माझा हात बरा हाय, टेस्ट घ्या आन् प्लॅंटवर घ्या. आता गेटवर मच्छिंद्र बसलाय. काल त्यानंच मला गेट उघडलं.

तेजश्री : लिहून दिलंत? मला न विचारता?

शेवंताआत्या : आसं लिहून द्यायला कुणी सांगितलं तुला?

इंद्रजीत : ह्या पट्टीनं.

तेजश्री : पट्टीनं म्हणजे? आत्याबाई, खाली काय बघताय?

इंद्रजीत : रोज मी विणून उठलो की आत्या दुरुस्त करायची.

तेजश्री : ...मी बघितलं होतं. दुपारी तुम्ही झोपलात की आत्याबाईंच्या मांडीवर हीच निळी लोकर दिसायची. विचारावं वाटलं एकदा. नाही विचारलं. मलाही ती बटणं लावायचीच होती ना.

शेवंताआत्या : तिला बोलू नको. माझंच हाय ते. मला आडाणीला एकच कळतंय बाबा, पडलेला टाका उचलायचा. पन्नास वरसं तेच केलं. तसाच सोडला तर वीण पार खालपातूर उसवत जाती.

इंद्रजीत : गेली आसती उसवत. मला दिसली तरी आसती.

तेजश्री : आता कंपनी काय म्हणते?

इंद्रजीत : घरी थांबा, कळवू. आमच्या प्लॅंटवरच्या रोहिदासला पण आसंच कळवणार होते. दोन वर्षं झाली, वरवंडच्या फाट्यावर पंक्चर काढतोय. त्याला दोन्ही हात तरी हायेत.

शेवंताआत्या : मी जाते कुरकुंभला. सांगते त्या डॉक्टरला, म्हातारीचा गुन्हा हाय, पोराचा न्हाई. येष्टीनं जाते सोमवारी.

इंद्रजीत : आन् काय सांगशील? कंपनीनं बिबट्याला नोकरीवर घेतलं तर त्याला गणवेश विणून देते म्हणून?

शेवंताआत्या : बोल. बोल तू. आज बोलायचा तुझा हक्क हाय.

इंद्रजीत : ती पट्टी घे. उसव.

शेवंताआत्या : किती?

इंद्रजीत : सगळी.

शेवंताआत्या : आरं, तीन महिन्यांचं काम...

इंद्रजीत : कुणाचं?

(शेवंताआत्या टोक शोधते आणि ओढते. ओळीमागून ओळ सुटत जाते. तीन महिने चाललेलं काम चहावर साय धरायच्या आत संपतं, आणि चहा तसाच राहतो.)

तेजश्री : आता कशाला विणायचं? टेस्ट तर संपली.

इंद्रजीत : टेस्टपायी न्हाई. भाकरी मोडता आली पायजे मला. तू मोडून देतीस, मी खातो, आसं किती दिवस? सुया दे इकडं. टाके मीच घालणार. वीस नकोत. पाच.

शेवंताआत्या : मी लोकर धरते नुस्ती.

इंद्रजीत : नको. हात मांडीखाली घे.

शेवंताआत्या : घेतला.

इंद्रजीत : दुसरा.

शेवंताआत्या : दोन्ही घेतले की रं. पोलिसावानी काय करतोस?

इंद्रजीत : एक... थांब. एक... दोन.

शेवंताआत्या : इंद्या, पडला...

इंद्रजीत : बघितला मी.

तेजश्री : आत्याबाई, हात.

शेवंताआत्या : हलवला न्हाई गं, खाजवत व्हता. बाबा, गोष्ट तरी सांगू का? तेवढाच येळ जाईल.

इंद्रजीत : आज नको. आज हाताकडं बघायचंय.

शेवंताआत्या : बघ, लेकरा. नजरबिजर काय लागत न्हाई. ती बी माझीच थाप व्हती.