लाल टाचणी लावलेलं शहर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ पंच, व्यासपीठावर बसलेले शेजारच्या मंडळीचे पाळक, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते आपले लाडके पाळकसाहेब, त्यांच्याहूनही लाडक्या पाळकीणबाई, आणि प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या दोघांनाही सातच दिली होती, एवढं फक्त लक्षात असू द्या.

साहेबांबद्दल काय बोलू? बावीस वर्षांत त्यांनी आपल्या किती लेकरांचे बाप्तिस्मे केले, किती लग्नं लावली, किती जणांना मातीपर्यंत पोचवलं, ते सगळं मानपत्रात आलेलंच आहे. त्यात जे आलेलं नाही ते मी सांगतो. साहेब गाऊ लागले की पेटीवाल्या ताई सूर सोडून त्यांच्या मागे धावतात. साहेबांना माणसांची नावं आठवत नाहीत, दुखणी मात्र आठवतात. "काय हो, गुडघेवाले!" अशी हाक त्यांनी भर रस्त्यात मारली, तेव्हा आपले तिघेजण वळून उभे राहिले होते. हसा, हसा. साहेबही हसतायत.

पण मी आज उभा राहिलो ते एका वेगळ्या कारणासाठी.

आपल्यातल्या नव्या मंडळींना माहीत नसेल, मला मामा का म्हणतात. भूमापन खात्यात तीस वर्षं नकाशे काढले, म्हणून नकाशेमामा. निवृत्त झालो, हात रिकामे झाले, आणि तेवढ्यात ते युद्ध सुरू झालं. चार वर्षं झाली त्याला. टीव्हीवर रणगाडे, धूर, रडणारी माणसं. मी शास्त्र उघडलं, शेवटच्या काळाबद्दलची सगळी भाकितं काढली, आणि दर शनिवारी संध्याकाळी याच सभागृहात अभ्यासवर्ग सुरू केला. आज तिकडे फुलांच्या माळा लावल्यात ना, त्या भिंतीवर माझा आठ फुटी तक्ता होता. डाव्या अंगाला भाकितं, उजव्या अंगाला जगाचा नकाशा, मधे दोरे. खूण पूर्ण झाली की त्या देशावर लाल टाचणी.

सुरुवातीला सातजण यायचे, त्यातले दोन पंख्याखाली बसायला. दोन महिन्यांत खुर्च्या पुरेनात. खोटं कशाला बोलू, मला ते चढलं होतं. आयुष्यभर साहेब लोकांच्या सहीसाठी नकाशे काढले. आता माझ्या नकाशाकडे दीडशे माणसं श्वास रोखून पाहत होती! आपल्या रंगारी भावाने तर स्वतःचं घर अर्धं रंगवून सोडून दिलं. म्हणाला, "शेवटच आलाय, तर दुसरा हात कशाला?" त्याच्या बायकोने मला अजून माफ केलेलं नाही. त्या बघा, मान हलवतायत.

पाळकसाहेब त्या वर्गाला यायचे. शेवटच्या रांगेत बसायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, तुमचं मत?" ते म्हणाले, "ऐकतोय." मी त्याचा अर्थ 'चालू द्या' असा घेतला.

मग तो शनिवार उजाडला. सकाळी बातमी आली, तिकडच्या एका बंदराच्या शहरावर रात्रभर बॉम्ब पडले. माझ्या तक्त्यात त्या शहराची जागा आधीच आखलेली होती. संध्याकाळी मी टाचणी लावली, माइक हातात घेतला आणि म्हणालो, "आनंद करा! आणखी एक खूण पूर्ण झाली!" टाळ्या पडल्या. हालेलुयाही झालं.

तिसऱ्या रांगेत शिवणवर्गाच्या ताई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर आचारी. ते जहाज अकरा दिवस त्याच बंदरात अडकून पडलं होतं. पोरगा जहाजावर आहे हे मला ठाऊक होतं हो! पण जहाज कुठे आहे, हे नकाशे काढणाऱ्या या माणसाने कधी विचारलंच नव्हतं.

ताई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मामा, टाचणी बंदरावर लावलीत की गावात?"

मी उत्साहात म्हणालो, "बंदरावरच, ताई!"

त्या निघून गेल्या. का गेल्या, ते मला शेजारच्याने कानात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. साहेब उपदेशाला वर चढलेच नाहीत. खाली, पहिल्या बाकाजवळ उभे राहिले. मला वाटलं, आता माझी पूजा बांधणार. पण ते म्हणाले, "चार महिने मी मागच्या रांगेत गप्प बसलो. बोललो तर मंडळी फुटेल, अशी मला भीती वाटली. मेंढरं कड्याकडे निघाली होती आणि मेंढपाळ जागा धरून बसला होता. माझी चूक आहे." मग म्हणाले, "प्रभू येणार, यावर माझा मामांइतकाच विश्वास आहे. तारीख मात्र त्याने आपल्याला दिलेली नाही. आणि घर पेटलेलं पाहून, 'बरं झालं, आता मालक येतील,' म्हणून जो नोकर टाळ्या वाजवतो, त्याला मालक आल्यावर काय म्हणेल?"

तेव्हा आपले फौजीकाका उभे राहिले. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, "साहेब, मी लढलोय. दुबळ्याला वाचवायला कधी कधी बंदूक उचलावीच लागते. ते पाप म्हणाल तर मी उठून जातो."

साहेब म्हणाले, "उठू नका. काका, मला अजून ते पटलेलं नाही, आणि तुम्हाला माझं पटणार नाही. पण लढाईत तुम्ही कधी टाळ्या वाजवल्यात?"

काका म्हणाले, "नाही. उलट्या केल्या." आणि बसले. त्या दिवशी दोघांनी एकाच भाकरीतून प्रभूभोजन घेतलं.

दुपारी साहेब माझ्या घरी आले. मी तेरा वचनं काढून तयारीत बसलो होतो. साहेब पाणी प्यायले आणि म्हणाले, "चपला घाला. आणि त्या भागाचा मोठा नकाशा असेल तर घ्या."

ताईंच्या घरी मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच होता, सुईखाली. शेजारी चार्जिंगला लावलेला फोन. सकाळी चाळीस सेकंद फोन लागला होता. "आई, जहाज सोडलंय, चालत निघालोय," आणि एका गावाचं नाव. ते गाव कुठे, सरहद्द किती लांब, काही कळायला मार्ग नाही. ताईंनी ते नाव फ्रॉकच्या कापडावर खडूने लिहून ठेवलं होतं.

मी जमिनीवर नकाशा पसरला. गाव सापडलं. म्हटलं, "ताई, इथून सरहद्द एकशे तीस किलोमीटर. मधे नदी आहे. पूल दोन."

त्या म्हणाल्या, "पुलांवर बॉम्ब टाकतात ना?"

बंधुभगिनींनो, तेरा वचनांपैकी एकही त्या वेळी कामाचं नव्हतं. मी म्हटलं, "टाकतात."

साहेबांनी आम्हा दोघांचे हात धरून प्रार्थना केली. पोरासाठी केली, त्याच्याबरोबरच्यांसाठी केली. आणि मग म्हणाले, "प्रभू, जो वरून बॉम्ब टाकतोय, त्यालाही आई आहे. त्याचाही हात थांबव, त्यालाही घरी ने." ताईंनी झटक्यात हात काढून घेतला. "त्याच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात नाही."

मला वाटलं साहेब क्षमेवर चार शब्द सांगतील. ते म्हणाले, "बरं. तुम्ही नका करू. तुमच्या वाटचं मी करतो. बाहेर जाऊन करतो." आणि खरंच जिन्यात जाऊन उभे राहिले.

पुढे नऊ दिवस मी रोज ताईंकडे जात होतो. फोन आला की पेन्सिलीने एक बारीक रेघ पुढे सरकायची. एके दिवशी दोन किलोमीटर, एके दिवशी काहीच नाही. साहेबही रोज यायचे. एकदा त्यांनी फ्रॉकची गुंडी लावायचा प्रयत्न केला. ती ताईंना उसवावी लागली. दहाव्या दिवशी पोरगा सरहद्द ओलांडून पलीकडे गेला. जहाजावरचे सतरा निघाले होते, चौदा पोचले. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. आज आपणा तीनशे जणांचा स्वयंपाक त्यानेच केलाय. काही हवं असेल तर उजव्या बाजूने हाक मारा.

तक्ता मी उतरवला. ताई अजूनही ती प्रार्थना करत नाहीत. साहेब अजूनही करतात. ते युद्ध थांबलं, दुसरीकडे दुसरं पेटलं. मी बातम्या पाहतो, शास्त्रही वाचतो. आता आधी विचारतो, तिथे आपलं कोणी आहे का? आणि साहेबांच्या संगतीत राहून उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं.

गेल्या आठवड्यात साहेबांची पुस्तकं खोक्यात भरायला गेलो होतो. न राहवून विचारलं, "साहेब, खरं सांगा, आपल्या हयातीत येईल का हो प्रभू?" ते म्हणाले, "रोज वाटतं, आज यावा. फक्त मी भांडी घासत असताना यावा. निदान ही साक्ष देईल." पाळकीणबाई आतून म्हणाल्या, "मग त्याला बरीच वाट पाहावी लागेल!"

साहेब, पाळकीणबाई, लेकीच्या गावी सुखाने राहा. तिथल्या पेटीवाल्यांना आमचा सलाम सांगा. अध्यक्षांनी, पंचांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार.

आता भाषणाच्या शेवटी, काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा, असं म्हणायची पद्धत आहे. मी आजवर ते शंभर वेळा म्हटलं असेल, सवयीने. शिवणताई, मी नऊ दिवस तुमच्याकडे येत होतो, पण तोंडाने एकदाही म्हणालो नाही. ते टाळ्यांचं वाक्य मी याच सभागृहात, माइकवरून बोललो होतो. म्हणून माफीही इथेच, माइकवरून, सगळ्यांसमोर मागतो. मला माफ करा, ताई.

काय म्हणालात?... अध्यक्षसाहेब, मागे ऐकू गेलं का? ताई म्हणतायत, "मामा, ते कधीच झालं. बसा आता, पोरगं केव्हाचं वाढायला उभं आहे."

बसतो.