जबड्याखालचं पाणी

कापसाले सोन्याचा भाव आला होता, तवाची गोष्ट आयका बायांनो. माह्या सासऱ्यांनी बांधापर्यंत कापूस पेरला. बकऱ्याइले चरायले फक्त नाल्याकाठची ओली जागा उरली. एक बकरी मेली. दुसरीच्या जबड्याखाली रोज सांजेले पिशवीसारखी सूज यायची अन् रात्रीतून उतरायची. माह्या अंगावर दूध नव्हतं, तान्ही लेक त्याच बकरीच्या दुधावर जगून राहिली होती.

सासरे सकाळी पाहत अन् म्हणत, "कुठी हाय सूज? तुमाले भास होते."

एका सांजेले धनगरीण आली. तिनं सूज बोटानं दाबली.

"पाणी भरलं बाई. ओल्यातलं गवत खाऊन काळजात किडे झाले. आता कोरड्यात चार."

मी म्हणलं, "कोरड्यात तं सारा कापूस हाय."

सासूबाई आयकत होत्या. सासऱ्यांपुढं त्याइनं कधी तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याइनंच बकरी नेली अन् उभ्या कापसात बांधली.

सासरे धावत आले. "येडी झाली काय? सोन्यात बकरी बांधली!"

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणल्या, "मंग नातीले सोनं पाजा."