माणिकराव पंगतीत बसत नाहीत

...नाई नाई, वजनच लिहा मॅडम. उद्देशाच्या रकान्यात लिहा, वजन कमी करणे. बाकीचे काय लिहितात? वजनच ना? मंग माह्यासाठी काऊन पेन थांबवता? नाव लिहिलं – माणिकराव. वय लिहिलं – अठ्ठावन्न. गावाचं नाव राहू द्या, नुसतं धाडकडचे लिहा. हाव, धाडलेबी निघाली म्हनतात अशी जागा, पन तिथं बाजाराच्या दिवशी सगळी वळखीची मानसं, अन् गावात एकदा कळलं का माणिकराव जिमले जाते, तं चार दिवस पारावर दुसरा विषय नाई. म्हनून म्हनलं चिखली बरी. एस्टीनं यायचं, कोनी विचारलं तं अडत्याकडं चाललो म्हनायचं, अन् गुपचूप वर चढायचं. जिना मात्र तुमचा लई उभा हाय – मी दोनदा थांबलो. आता ज्याचे गुडघे – म्हंजे ज्याचं वजन जास्त हाय, त्यानं हा जिना चढला का अर्धा व्यायाम तिथंच झाला.

रोज काय व्यायाम करतो? आता हे काय विचारनं झालं. शेतकरी मानूस हाय मी. सतरा एकर हाय, सोयाबीन हाय, तूर हाय, कपाशी हाय. पहाटे पाचले उठतो. मंग? मंग चहा पेतो. नाई, शेतात रोज राबतो असं नाई – दोन वर्षं झाली, बटईनं दिलं, अर्ध्या वाट्यावर दुसराच कसते. पन बांधावर जातो ना. गाडीवर जातो, गाडीवरूनच पाहतो, येतो. पानी भरपूर पेतो, झोप चांगली हाय, तंबाखू – तंबाखू लिहू नका. तुमच्या भल्याचं सांगतो मॅडम, हे असे सवाल पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाले विचारत नका जाऊ. मानूस खोटंच सांगन. त्याले आधी पाच-धा मिन्टं बोलू द्या, कशावरबी, पिकावर म्हना, पान्यावर म्हना – मंग तो आपोआप खऱ्यावर येते. हे तुमच्या कोर्समंदी शिकवलं नसन. आता माह्यासारख्याची गोष्ट वेगळी, माह्याकडं लपवायसारखं काई नाई.

खुर्चीवरून उठू? अन् परत बसू? हात न टेकता? हे तं लेकराचं काम झालं – थांबा, असं एकदम नाई, जरा पुढं सरकू द्या... हां. झालं एक. हात टेकला नाई, नुसता लागला. दोन. धा वेळा करायचं म्हनता? करू ना. तीन. तुम्ही कोनत्या गावच्या म्हनल्या? – काय सांगता. पंजाबराव तुमचे बाबा? आमच्या शिवाले शिव लागून ज्याचं वावर हाय तो पंजाबराव? झाली का पंचाईत. म्हंजे तू निशिगंधा. अवं पोरी, मंग कवाचा मॅडम-मॅडम काय करून राह्यलो मी. तुह्या मोठ्या बहिनीच्या लग्नात तुह्या पत्रावळीवर वरन कोनी वाढलं? म्याच वाढलं. तू नाई-नाई म्हनत होती अन् म्या अजून एक पळी टाकली. एस्टीचं तिकीट काढून एवढ्या लांब आलो, का कोनी वळखीचं भेटू नाई, अन् भेटली कोन तं पंजाबरावची पोरगी. बाबाले सांगशीन नको. शपथ घालत नाई, नुसतं सांगशीन नको.

मंग तुले तं ठाऊकच हाय, लोकं मले काय म्हनतात. माणिकराव पंगतीत बसत नाई. चार वर्षं झाली – लग्न असो, तेरवी असो, हनुमान जयंतीचा भंडारा असो, मानसं बसली का माह्या हातात वरनाची बादली. शेवटची पंगत उठल्यावर मी कोपऱ्यात उभ्या-उभ्या दोन घास खातो. गेल्या साली गावानं सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. शेषराव माईकवर म्हनले, आजकाल खायले सगळे पुढं, पन हा मानूस दुसऱ्याचं पोट भरल्याबिगर खाली बूड टेकत नाई. लई टाळ्या. आता त्या टाळ्यांमंदी मी काय सांगू? का बूड टेकलं तं मले उठता येत नाई म्हनून?

चार – का पाच झाले? तू मोज, मले बोलता-बोलता मोजता येत नाई. हाव, म्हनलं म्या ते. ऐकलं तं ऐकलं. चार वर्षांमागं शेषरावच्याच घरचं जेवन होतं, वरन-बट्टी, वांग्याची भाजी. पंगत उठली, मी उठलो नाई. एक हात टेकला, दुसरा टेकला, तो सरळ शेजारच्याच्या वरनात. शेवटी दोघांनं काखेत हात घालून उचललं. पोरीसोरी हासल्या. शेषराव म्हने, माणिकराव, तुमच्यासाठी ट्रॅक्टर बोलवा लागते आता. मीबी हासलो. पन दोन दिवस जेवन गेलं नाई मले. मंग पुढच्या लग्नात कोनीतरी म्हनलं, बसा ना बसा, तं आमची घरवाली कोकिळा मंधातच बोलली – ते सगळ्यांचं झाल्याबिगर बसत नसतात. नसतात म्हने. तीस वर्षं तिनं मले पहिल्या पंगतीत पाह्यलं. पन इतकी सहज बोलली का मलेच खरं वाटलं. अन् कोनीतरी बादली हातात दिली. ती जी आली हातात ती आजपर्यंत सुटली नाई – वाकून-वाकून कंबर गेली ते वेगळंच. सेवा केल्यानं कंबर जाते, हे बाकी कोनी माईकवर सांगत नाई.

वजन? वजनाचं कोन बोलून राह्यलं. अर्पिताचं लग्न हाय. एकुलती एक पोरगी माही. चाळीस दिवस ऱ्हायले, अन् कन्यादानाले पाटावर बसा लागते, मी अन् कोकिळा, चांगलं तासभर. हाव, खुर्ची चालते, गुरुजीनंबी तेच सांगितलं, आजकाल सगळेच बसतात. पन मी खुर्चीवर बसलो का सगळा मांडव एका मिन्टात वळखन – अच्छा, म्हनून बादली होती काय. ती शालबी वापस मांगतीन. बरं, लोकाइचं सोड. लोकं हासतीन, जेवतीन, आपापल्या घरी जातीन. पन माही वहिनी राहीन ना तिथं. रुक्मिणीवहिनी. तिच्याकडं मी कोनत्या तोंडानं पाहू?

माहा मोठा भाऊ, रंगरावदादा. दीड वर्ष झालं त्याले जाऊन. शेवटी-शेवटी पलंगावरून पडायची भीती वाटे त्याले, म्हनून खालीच गादी टाकली होती. मी रोज जाओ. दारात उभा राहो. तो म्हने, माणिक, बस ना जरा. अन् मी म्हनो, टाइम नाई दादा, लई कामं पडले. कायची कामं? शेत बटईनं. त्यालेबी ठाऊक होतं शेत बटईनं हाय. तरी रोज म्हने, बस ना जरा. अन् रोज मी उभा. खुर्ची? दादा खाली निजलेला अन् मी खुर्चीवर – मोठ्या भावाच्या डोक्यावर बसते का कोनी? अन् खाली बसलो, उठता नाई आलं, तं भेटाले आलेल्या मानसांसमोर दोघांनं मले उचलायचं? बिमार तो होता पोरी, अन् मी माह्या इज्जतीचं घेऊन बसलो – नाई, बसलो कुठं, उभाच राह्यलो. तो गेला त्या दिवशीबी दारातच. लोकं म्हने, माणिकराव लई खंबीर हाय. आता वहिनीनं मले पाटावर बसलेलं पाह्यलं तं मनात म्हनन, पोरीसाठी बसता आलं याले, भावासाठी नाई आलं. अन् खुर्चीवर पाह्यलं तं मले सगळं सांगा लागन. ते तं मले त्याहून जड जाते.

काय म्हनली? बाई, परत सांग, हळू सांग. गुडघा एवढा खराब नाई. हाव, बुलडान्याच्या डॉक्टरनंबी एक्स-रेचा फोटो पाहून तेच सांगितलं होतं, झीज थोडी हाय, व्यायाम करा. म्या गोळ्या घेतल्या. मंग हा आखडला कायनं? – बसनं सोडलं म्हनून? चार वर्षं बसलो नाई म्हनून आता बसता येत नाई? म्हंजे म्याच केलं हे. बरं, एक सांग, तवाच चालू केलं असतं तं, ह्या तुह्या खुर्चीवरून उठ-बस, मंग स्टूल, मंग पाट – किती दिवस लागले असते? अंदाजानं सांग, मी काई तुले धरत नाई त्यावर.

दोन महिने.

दादा तं तीन महिने गादीवर होता.

...नाई, काई नाई झालं. चक्कर नाई आली. पानी नको. तो फॉर्म आन इकडं. खोड ते वजन. लिही – खाली बसणे. तेवढंच लिही, उठायचं नको लिहू. अन् ती चटई सरकव जरा. ठाऊक हाय मले, आज खुर्चीच म्हनली तू, पाटाले अजून टाइम हाय म्हनली, सगळं बरोबर हाय तुहं. हात नको देऊ. भितीले धरतो मी. सरक... हां... थांब, गडबड नको करू... एवढंच ऱ्हायलं...

बसलो.

गार हाय वं खाली. नाई, दुखून नाई राह्यलं. म्हंजे दुखून राह्यलं, पन ते नाई. उठायचं मंग पाहू. खाली तुह्या बायांची बॅच आली वाटते, चपला वाजून राह्यल्या जिन्यात. जाय तू. जाय ना पोरी, अशी दारात उभी नको राहू. मले टाइम हाय.